भाव जुळतो, माल जुळतो का?

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथून कॉम्प्युटरचा सुटा भाग घ्यायचा, तर मलकापूर-बुलढाणा गाठा, नाहीतर मोबाइलवर भाव पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर-बाजाराचा भाव ऐकून मात्र लगेच हरखू नये. तो जीएसटीसह आहे का, हे आधी विचारावे: ५,००० रुपयांचा एसएसडी (डेटा साठवणारा भाग) १८ टक्के धरून ५,९०० ला पडतो.

खरी मेख पुढे आहे. इथल्या आणि मुंबईच्या, दोन्ही एसएसडींवर '१ टीबी, एम.२' लिहिलेले, पट्टीही दिसायला जवळपास सारखीच. पण सॅटा प्रकार सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचतो, तर अनेक एनव्हीएमई ३,००० च्या पुढे जातात. शिवाय जुन्या लॅपटॉपला एनव्हीएमई चालेलच असे नाही.

आणि विंडोजमध्ये १ टीबीऐवजी ९३१ जीबीच दिसले, तर दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.