ऊन दुपारचे, मागणी संध्याकाळची

एप्रिलच्या दुपारी एक वाजता पनवेल परिसरातल्या खारघर किंवा कामोठ्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर जा. फरशीचे पायाला चटके बसतात, टाकीतले पाणी कढत झालेले असते आणि खाली कितीतरी घरांना कुलूप असते. माणसे लोकल पकडून कामाला गेलेली असतात. हीच घरे संध्याकाळी सातनंतर जागी होतात. मग एसी, टीव्ही, मिक्सर, गाडीचा चार्जर असे सगळे एकदमच सुरू होते. सूर्य मात्र तोवर मावळलेला असतो. सौरविजेचा खरा पेच हा असा वेळेचा आहे. राज्याची धोरणेही आता ‘किती मेगावॉट’ यावरून ‘किती वाजता’ या प्रश्नावर येऊन ठेपली आहेत.

आधी उन्हाचा हिशेब पाहू. पनवेल साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पण दुसऱ्या वेळी तो बहुधा ढगांआड असतो. वर्षाची सरासरी काढली, तर एक किलोवॉटचा संच दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. भर पावसाळ्यात हा आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. त्यातही गंमत अशी, की सिलिकॉनच्या पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, की दहा-बारा टक्के वीज तिथेच जाते. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून बसवत नाहीत. लोखंडी सांगाड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून, खालून वारा खेळेल असे ते उभारतात.

सावलीचेही तसेच. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात. पाण्याच्या टाकीची सावली एकावर पडली, तरी साऱ्या माळेची वीज घटू शकते. हा फटका कमी करण्यासाठी पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, पण शेजारी उंच टॉवर उभा राहिला तर डायोड तरी काय करणार?

आता धोरणांकडे वळू. राज्याने २०१५च्या धोरणात सौरऊर्जेसाठी ७,५०० मेगावॉटचे, तर २०२०च्या धोरणात २०२५पर्यंत १२,९३० मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवले. पण वेळेच्या दृष्टीने सगळ्यात नेमका निर्णय होता तो मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा. २०१७ साली राळेगणसिद्धीसारख्या गावांपासून तिची सुरुवात झाली आणि २०२३मध्ये तिची ‘२.०’ आवृत्ती आली. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी ही योजना. खासगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. शेतीपंप रात्री चालला काय आणि दुपारी चालला काय, पिकाला फरक पडत नाही. शेतकऱ्याला मात्र पडतो. विंचवा-सापाच्या भीतीने रात्री बांधावर जाणे टळते. ही वीज युनिटमागे सुमारे ३ रुपयांना पडते. शेतीच्या स्वस्त विजेचा भार आजवर उद्योगांच्या चढ्या दरांवरही पडत आला आहे. त्यामुळे वैजापूरच्या शिवारातल्या पॅनेलशी तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्याच्या बिलाचाही संबंध आहे.

शहरांसाठी वाट वेगळी आहे. नेट मीटर घरात आलेली आणि घरातून गेलेली, अशी दोन्हीकडची वीज मोजतो आणि बिल फरकाचे येते. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. महिन्याला १०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी राज्याने २०२५मध्ये ‘स्मार्ट’ योजनेतून वरची भर घातली. हे सारे स्वतःचे छप्पर असलेल्यांना सोयीचे. पनवेलच्या वसाहतींमध्ये गच्ची एक आणि मालक शंभर! तिथे लागू पडते ते ‘सूर्यघर’चेच दुसरे कलम. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी गृहनिर्माण संस्थेला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावलीविना जागा लागते.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. वीज गेली, की बॅटरी नसलेला ग्रिडजोड संचही बंद पडतो. त्यात बिघाड नसतो. तुमच्या गच्चीवरची वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनपर्यंत पोहोचू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो.

मग संध्याकाळचे काय? एक उत्तर पनवेलच्या मागच्या डोंगरातच आहे. दुपारच्या जादा विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि अंधार पडला की ते खाली सोडून जनित्रे फिरवायची. याला उदंचन म्हणतात. रायगडमध्येच भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा संच आहे. कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२पासून चालू आहे. तिथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पासाठी ऑगस्ट २०२३मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला. असे प्रकल्प उभे राहायला वर्षे लागतात.

दुसरे उत्तर स्वस्त आहे आणि ते आपल्याच हातात आहे. दिवसा ९ ते ५ या वेळेतल्या वापरावर, वेळेनुसार नोंद ठेवणारे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५पासून सवलत सुरू झाली. ग्राहकाने आपला वापर उन्हाकडे सरकवावा, हा तिचा हेतू. सोसायटीचा पंप याला अगदी योग्य. बहुतेक ठिकाणी तो पहाटे आणि संध्याकाळी चालतो, कारण तशी सवय आहे. खालची टाकी पुरेशी मोठी असेल, तर वरची टाकी दुपारी भरायला काहीच हरकत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत पॅनेलच्या दरपत्रकांवर वाद घालण्याआधी दोन कागद मागा: सामाईक मीटरचे वर्षभराचे बिल आणि पंपाचे वेळापत्रक. पंपाची वेळ बदलायला अनुदान लागत नाही आणि गच्चीवर किती किलोवॉटचा संच हवा, तेही त्या दोन कागदांवरून कळते.