लग्न हे औषध नव्हे

धानाची मळणी उरकून हातात चार पैसे आले, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मागे एक गृहस्थ असेच आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगी चोवीस वर्षांची. तीन वर्षांपासून मनोविकाराच्या गोळ्या चालू, तब्येत उत्तम.

"डॉक्टरसाहेब, पुढच्या महिन्यात लग्न आहे. सासरी गोळ्या दिसल्या तर पंचाईत. आता बंद केल्या तर चालते ना? लग्न झालं की सारं ठीक होते म्हणतात."

"मुलाकडच्यांना सांगितलं?" मी विचारले. ते गप्प.

"बरं, मुलीला विचारलं?"

"तिला काय विचारायचं साहेब? तिला काय समजते?"

वाचकहो, या गृहस्थांचे मुलीवर प्रेम नव्हते असे नाही. आपल्यामागे तिचे कोण, ही चिंता प्रत्येक आईबापाला असते. पण प्रेमापोटीच ते तीन चुका करायला निघाले होते.

आधी एक घोटाळा दूर करू. बौद्धिक अक्षमता, जिला आपण पूर्वी मतिमंदत्व म्हणत असू, ती लहानपणापासून असते. ती गोळीने जात नाही, पण शिकवणुकीने पुष्कळ फरक पडतो. स्किझोफ्रेनियासारखा मनोविकार हा आजार आहे. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो आणि औषधाने आटोक्यात राहू शकतो. दोन्हींवर लग्न हा इलाज नाही. उलट लग्नघरातली जागरणे, नवे घर, नवी माणसे आणि त्यात गोळ्या बंद, मग आजार उलटायला कितीसा वेळ लागणार? मांडवाची पाने वाळण्याआधी माहेरी आणून सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता कायदा. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ५ नुसार, मनाच्या विकृतीमुळे ज्याला वैध संमती देता येत नाही त्याचे लग्न लावू नये. संमती देता येत असली, तरी विकार संसाराला व अपत्याला अयोग्य ठरवण्याइतका असू नये. वेडाचे झटके वारंवार येत नसावेत. ही अट वधूवरांवर आहे. आईबापांचा होकार त्यांच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. फेफरे, म्हणजे मिरगी, हीसुद्धा एके काळी या अटीत होती. १९९९ मध्ये ती वगळली गेली.

अट मोडली तर लग्न आपोआप रद्द होत नाही. कलम १२ खाली कोर्टात जावे लागते. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, हेही रद्द करून मागण्याचे कारण ठरू शकते; फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लग्न रद्द झाले तरी मुले औरसच राहतात. आपल्याकडील गोंड, हलबा अशा अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही, त्यांची रूढी पाहिली जाते.

म्हणून आजाराचे नाव निघाले की लग्नाचा हक्क संपला, असे मुळीच नाही. आजाराच्या नावापेक्षा त्याची तीव्रता पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे सत्तावीस वर्षांची एक गरोदर तरुणी होती. बुद्धी कमी असल्याचे सांगून वडिलांनी गर्भपाताची परवानगी मागितली होती. तिला स्वतःला मूल हवे होते. जे. जे. रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने तपासले. तिला मानसिक आजार नाही, बुद्धी सीमारेषेवरची आहे, असा अहवाल आला. बुद्धी सरासरीपेक्षा कमी म्हणून तिला आई होण्याचा हक्क नाही काय, असे न्यायालयाने विचारले, आणि तिला ज्याच्याशी लग्न करायचे होते त्या तरुणाशी बोलण्यास आईवडिलांना सुचवले. निर्णय काय व्हावा याआधी, तिला काय वाटते हे कोणीतरी विचारले, हे मला मोलाचे वाटते.

तेव्हा घरात असा प्रश्न असेल तर एवढे करा. गोळ्या मनाने बंद करू नका. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा. व्हॅलप्रोएटसारखे औषध गर्भाला घातक असते, ते वेळीच बदलता येते. सुपारी फुटण्याआधी समोरच्यांना आजाराचे नाव व औषध स्पष्ट सांगा. मुलाला वा मुलीला एकटे बसवून सोप्या शब्दांत, दोन-तीनदा विचारा. लग्न म्हणजे काय, कोणाशी, कुठे राहायचे, नको असेल तर नाही म्हणता येते, हे समजले का ते पाहा. शंका असल्यास मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. महिलांना व दिव्यांगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकिलाची मदतही विनामूल्य मिळते.

त्या मुलीला मी एकटीला बोलावले. ती म्हणाली, "डॉक्टर, लग्न करायचं आहे मला. पण गोळी लपवून किती दिवस खाऊ?"

वडिलांनी मुलाकडे खरे सांगितले. ती सोयरीक मोडली. वर्षभर ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. पुढे दुसरे स्थळ आले, तेव्हा मुलगा स्वतः तिच्यासोबत दवाखान्यात आला आणि गोळी किती वाजता द्यायची, हे त्याने मला विचारले.