वास थांबला की पळाचं

अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यात एका पडक्या भिंतीवर मोबाइल नंबर रंगवलेला आहे. वर एवढंच : ‘संडासची टाकी खाली करून मिळेल’. पंक्चरवाल्याच्या पाटीवरही मालकाचं नाव असतं, इथं नाही. ते खटकलं, म्हणून फोन लावला आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन उभा राहिलो.

ट्रॅक्टरमागं लोखंडी टाकी, ट्रॅक्टरच्याच ताकदीवर फिरणारा व्हॅक्यूम पंप आणि मांडीएवढा जाड पाइप. गाडीवाल्यानं सब्बलीनं ढापा उचकटला. मी जवळ सरकलो तसा हात आडवा आला. ‘‘थांबा भाऊ. वास येते तोवर ठीक हाय. वास याचा थांबला की पळाचं.’’

टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचं हेच लक्षण. वायू वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं 2013च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी तळाचा गाळ निघेना की घरमालक म्हणतोच, ‘‘उतर ना जरासा.’’ हा उतरत नाही. ‘‘दुसरा कोनी उतरते,’’ एवढंच बोलला.

पाइप आत गेला, पंप धडधडला. वरची साय फुटली, मधलं पाणी आलं, मग काळा, घट्ट गाळ.

मैलापाणी शुद्ध करणारा प्रकल्प म्हटलं की मोठ्या शहरातले हौद डोळ्यांपुढं येतात. भुयारी गटार नसलेल्या गावात तो प्रकल्प घरोघरी, संडासामागं पुरलेला असतो. टाकीतले हवेविना जगणारे जिवाणू मैला कुजवतात, गाळ खाली बसतो, निवळलेलं पाणी शोषखड्ड्यात जातं. पण गाळ चढत गेला की पाण्याला निवळायला जागाच उरत नाही. ‘‘तीन वर्साले उपसाव लागते,’’ गाडीवाला म्हणाला. ‘‘कोनी उपसत नाही. तुंबली की मंग फोन.’’ ही टाकी बांधल्यापासून उघडलीच नव्हती, आणि घरातला मुलगा आता कॉलेजात आहे. वर फिनेल आणि ॲसिडचा मारा. म्हणजे काम करणारे जिवाणूही घरच्यांनीच मारलेले.

त्यात आपली काळी माती. पावसात ती फुगते, पाणी जिरू देत नाही. शोषखड्डा भरतो, मग लोक टाकीचा पाइप सरळ नालीत सोडतात. नाली पिंगळाई नदीला, पिंगळाई वर्धा नदीला. याच तालुक्यात, वर्धेच्याच काठी, कौंडण्यपूरला आपण भक्तिभावानं आंघोळ करतो.

गाळ कुठं टाकता, हा प्रश्न त्याला आवडला नाही. ‘‘वावरात. कोनी बलावलं तं.’’ आणि पावसाळ्यात? तो पाइप गुंडाळत राहिला. मला त्याचा राग आला नाही. टाकायला जागा नसेल तर त्यानं टाकावं कुठं?

जागा करता येते. कृष्णाकाठच्या वाईनं आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनं ती केली. दोन्हीकडे दिवसाला 70 हजार लिटर मैलागाळावर प्रक्रिया करू शकेल असं केंद्र आहे. मुख्य म्हणजे तिथं फोनची वाट पाहत नाहीत. ठरलेल्या पाळीनं दर तीन वर्षांनी गाडी दारी येते आणि तिचा खर्च स्वच्छता करातून निघतो. तीच तीन वर्षं.

आज घरी विचारा, टाकी शेवटची कधी उपसली होती. तीन वर्षं उलटली असतील तर ती तुंबायच्या आत गाडी बोलवा, पण कुणाला आत उतरवू नका. आणि वॉर्डात मतं मागायला येतील, त्यांना रस्त्याआधी हे विचारा : आमचा गाळ जाणार कुठं?