खारीतलं तूप

चहात बुडवलेली खारी संपली तरी टाळूला मेणचट थर चिकटून राहतो ना, तो बहुधा वनस्पती तुपाचा. तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं. हे काम अर्धवट राहिलं की ट्रान्स फॅट तयार होतात. वाईट कोलेस्टेरॉल वाढवायचं आणि चांगलं घटवायचं, असा त्यांचा दुहेरी उद्योग. डेन्मार्कने २००३ मध्येच त्यांना २ टक्क्यांची वेसण घातली. आपल्याकडे अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने तेल-तुपातली मर्यादा २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. दुधातले नैसर्गिक ट्रान्स फॅट यातून वगळलेत. बंद पाकिटावर ट्रान्स फॅटचा आकडा छापावा लागतो. सुट्या खारीच्या पुडीवर फार तर जुनी बातमी सापडते.