बाहुलीची चाहूल घेणारा चष्मा

मुलाला बोलता येत नाही, हात त्याचं ऐकत नाहीत. आई त्याच्यासमोर चित्रांचा तक्ता धरते. पाणी, जेवण, बाहेर, नको. मुलगा एका चित्राकडे बघतो आणि आई तक्त्यावरून त्याच्या डोळ्यांकडे बघते. नजर पाण्यावर होती की जेवणावर, हे तिनं ओळखायचं. सेरेब्रल पाल्सीमुळे वाचा आणि हालचाल दोन्ही अडलेल्या मुलांच्या घरी हा संवाद रोज असाच चालतो. त्यात चुका होतात, वेळ जातो. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे ती नजर वाचता येणारं माणूस घरात बहुतेक एकच असतं. आई आजारी पडली की मुलाचं बोलणंच थांबतं.

हे काम यंत्राला शिकवण्याची खटपट बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये चालली आहे. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था जुन्या बेंगळुरूकरांच्या तोंडी अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’च आहे. तिथले प्रा. प्रदीप्त बिस्वास यांच्या प्रयोगशाळेचं नाव लांबलचक आहे: इंटेलिजंट इन्क्लुझिव्ह इंटरॅक्शन डिझाइन लॅब. चेन्नईच्या ‘विद्यासागर’ या विशेष शिक्षण संस्थेबरोबर काम करताना या गटानं एक अट स्वतःवर घालून घेतली. महागडं खास उपकरण घ्यायचं नाही, लॅपटॉपच्या किंवा टॅबलेटच्या साध्या कॅमेऱ्यावरच नजर ओळखायची. पडद्याचे नऊ भाग केले. त्यांतला हवा तो भाग नुसत्या नजरेनं निवडायला धडधाकट माणसाला साधारण दोन सेकंदही लागले नाहीत. ‘विद्यासागर’च्या विद्यार्थ्यांना साधारण चार सेकंद लागले. पुढे नजरेवर चालणारा यंत्रहात तयार झाला आणि तो कापडावरच्या छपाईसाठी वापरून पाहिला गेला. ज्याला चमचा धरता येत नाही, त्यानं कापडावर ठसा उमटवायचा! मला या सगळ्या कामातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. सांगितलेल्या जागी यंत्रहात न्यायला बाजारातल्या तयार नजरमापकावर एक मिनिट पुरत होतं, साध्या कॅमेऱ्यावर सरासरी दोन मिनिटं लागत होती. हा फरक लपवण्यासारखा नाही. स्वस्ताईची ती किंमत आहे.

याच प्रयोगशाळेनं लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या नजरेचाही अभ्यास केला. प्रत्यक्ष उड्डाणात वैमानिकांच्या डोळ्यांवर नजर टिपणारा चष्मा होता, तरी बऱ्याचदा नजर हातची निसटे. चष्म्यातल्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या चित्रांत दोन कारणं दिसली: डोळा यंत्राच्या टप्प्याबाहेर जाई आणि प्रकाश फार होई. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, आणि नजर टिपणारी बहुतेक यंत्रं अवरक्त प्रकाशावरच चालतात. सूर्य हा अशा यंत्रांचा जुना वैरी, ही पहिली अडचण.

दुसरी अडचण विजेची. चष्म्यातला कॅमेरा डोळ्याचं पूर्ण चित्र घेतो, सेकंदाला कित्येक चित्रं, आणि प्रत्येक चित्रातले हजारो ठिपके तपासून बाहुली शोधतो. चष्म्याच्या काडीत मावणारी बॅटरी साधारण १५० मिलीअँपिअर-तासांची धरा. नजर शोधायला ३०० मिलीवॅट लागले तर ती दोन तासांच्या आत संपते. दोन तास चालणाऱ्या चष्म्यावर कुणाचं बोलणं अवलंबून ठेवता येत नाही.

इथे एक साधा प्रश्न पडतो. बाहुली कुठे आहे एवढंच हवं असेल, तर डोळ्याचं चित्र कशाला घ्यायचं?

डोळ्याचा पांढरा भाग प्रकाश परत फेकतो, बुबुळ कमी फेकतं, बाहुली जवळपास सगळा गिळून टाकते. चष्म्याच्या चौकटीवर मंद अवरक्त दिवे बसवले आणि त्यांच्याशेजारी प्रकाश मोजणारे फोटोडायोड बसवले, की डोळा वळेल तसा प्रत्येक डायोडकडे परतणारा उजेड कमीजास्त होतो. उजवीकडच्या डायोडचा आकडा घसरला म्हणजे बाहुली त्या बाजूला सरकली. मूठभर आकडे, त्यांवर थोडं गणित, झालं. चित्र नाहीच. म्हणून घरातल्या कुणाचा चेहरा टिपला जाण्याची भीतीही नाही.

कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रयोगशाळांत प्रकाशसंवेदकांनी डोळ्यांची हालचाल मोजली जात होती. त्याआधीचे काही प्रयोग फार क्रूर होते. अमेरिकेतले एडमंड ह्यूई डोळा बधिर करून त्यावर प्लास्टरची इवलीशी वाटी बसवत आणि तिला जोडलेल्या काटीनं वाचणाऱ्याची नजर कागदावर उमटवत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या तियानशिंग ली आणि शिया झोऊ यांनी ही प्रकाशाची युक्ती चष्म्यावर आणली. त्यांच्या नमुन्याला ३९५ मायक्रोवॅट वीज पुरली. म्हणजे वर धरलेली बॅटरी नुसत्या नजरेच्या कामावर जवळजवळ दोन महिने चालेल. त्यांनी तर बॅटरीच काढून टाकली आणि काड्यांवर सौरपट्ट्या लावल्या. नजर स्थिर असताना यंत्र सावकाश मोजतं, नजर झेपावली की भराभर. काटकसरीनं संसार चालवणाऱ्या बाईसारखी ही शिस्त आहे, आणि वीज वाचते ती तिथेच.

आपल्या काळ्या-तपकिरी डोळ्यांवर हे चालेल का, अशी शंका येते. साध्या उजेडात आपलं बुबुळ आणि बाहुली एकमेकांत मिसळून जातात. अवरक्त प्रकाशात मात्र तपकिरी बुबुळ बरंच उजळ दिसतं आणि बाहुली वेगळी उठून दिसते. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० मध्ये आधारची सुरुवात झाली. तेव्हापासून कोट्यवधी भारतीयांची बुबुळं अशाच अवरक्त प्रकाशात टिपली गेली आहेत.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. नाकावर घाम आला, चष्मा दोन मिलिमीटर घसरला की सगळे आकडे बदलतात आणि जुळवणी पुन्हा करावी लागते. उन्हावर उपाय असा, की दिवा क्षणभर लावून मोजायचं, विझवून मोजायचं आणि वजाबाकी करायची. पण ऊन थेट डायोडवर पडलं तर तो भरून जातो आणि वजाबाकीला काही उरत नाही. घरातले दिवेही सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. आणि नेमकेपणा? बाहुली एक मिलिमीटर सरकली की नजर सुमारे पाच अंश वळते. या साध्या संवेदकांची चूक मिलिमीटरच्या आत राहते, पण ती शून्य नसते. मोबाइलवरचं बारीक बटण नजरेनं दाबायला हे अपुरं आहे.

पण तक्त्याला बारीक बटणं नकोच आहेत. त्याला नऊ मोठ्या चौकटी पुरतात. लॅपटॉप हातभर अंतरावर असेल तर पडद्याचा एक तृतीयांश भाग आडवा सुमारे दहा अंश भरतो. उभा त्याहून बराच कमी भरतो, म्हणून पडदा मोठा घ्यावा किंवा जवळ आणावा. माझं मत स्पष्ट आहे: कॅमेऱ्याशी स्पर्धा करत बसण्यापेक्षा साध्या प्रकाशसंवेदकांचा चष्मा या मुलांसाठी आधी व्हायला हवा.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनो, फोटोडायोड बाजारात किरकोळ किमतीत मिळतो. डोळ्यांसमोर दिवा लावण्याआधी मात्र तज्ज्ञाकडून त्याची तीव्रता तपासून घ्या. अवरक्त प्रकाश दिसत नाही, त्यामुळे तो जास्त झाला तरी पापणी आपोआप मिटत नाही. आणि तक्ता मराठीत करा. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग या पाच चौकटी. सहावीत य, र, ल, व. सातवीत श, ष, स, ह, ळ. आठवीत स्वर. ही चौकट दाटीची होईल, तिथे डोकं लढवा. नववीत काना-मात्रा आणि जोडाक्षरांच्या खुणा. एका नजरेत वर्ग, दुसऱ्या नजरेत अक्षर. एका नजरेला चार सेकंद धरले, तर ‘आई’ हा शब्द सोळा सेकंदांत लिहून होतो.