वासराला चीक, लेकराला मधाचं बोट: बाळंतिणीला साथ कुठे कमी पडते?

गाय व्याली की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी घरातलं कोणी ना कोणी गोठ्यात असतंच. पूर्वी वार पडेपर्यंत वासराला पाजत नसत. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगून सांगून आता बहुतेकांना पटलंय की वारेची वाट बघायची नाही, वासरू पुसून काढायचं आणि तासाभरात कासेला लावायचं. पहिला चीक पोटात गेला तर वासरू तगतं, हे शाळेत न गेलेला माणूसही सांगतो.

त्याच घरात सून बाळंत झाली की मात्र गणित उलटं होतं. पिवळा, घट्ट चीक "जड पडंल" म्हणून पिळून टाकायचा. बाळाच्या जिभेवर मधाचं बोट फिरवायचं. कुठे गुळाचं पाणी, कुठे घुटी. दूध "उतरायला" तीन दिवस लागतात म्हणून तोवर शेळीचं नाहीतर गाईचं पाणी घातलेलं दूध.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच थोडी प्रतिकारशक्ती मिळालेली असते, वासराला ती जवळपास मिळत नाही, एवढा फरक दोघांत आहे. पण म्हणून बाळाचा चीक टाकून द्यायचा नसतो. त्यात रोगाशी लढणारे घटक भरपूर असतात. पहिल्या दिवशी बाळाचं पोट चमचाभरात भरतं, त्यामुळे चीक थोडाच येतो आणि तेवढा पुरतो. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. त्यातल्या एका जंतूमुळे लहान बाळाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता तर बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात दवाखान्यातली बाळंतपणं शंभरात 88 पेक्षा जास्त निघाली. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं शंभरात फक्त 42 च्या आसपास. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचली, डॉक्टर-नर्स समोर आहेत, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकतो. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचं दूध मिळणारी बाळं शंभरात 64 च्या घरात.

हा विषय पुरुषाने लिहावा का, असं एकाने मला विचारलं. मी म्हटलं, माझ्याच घरात चूक झालीय, मग लिहायला काय हरकत आहे.

2008 साली मोठी मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी ती रडरड रडायला लागली आणि घरातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवलं की दूध पुरत नाही. दवाखान्यात एकाने डबा आणायला सांगितलं, मी धावत जाऊन आणला. पावडर महाग, म्हणून दोन चमच्यांच्या जागी दीड घालायचो. बाटली उकळायची असते हे माहीत होतं, पण दिवसातून आठ वेळा बाटली उकळणार कोण? दीड महिन्यात पोरीला हगवण लागली, पाच दिवस सलाईनवर होती. तोवर बायकोचं दूध आटून गेलेलं. सगळे तिलाच बोलत होते, मीही बोललो. 2012 मध्ये मुलगा झाला तेव्हा आमच्या आशाताई तिसऱ्या दिवशी घरी आल्या, बाजेवर शेजारी बसल्या आणि बाळ धरायची पद्धत बदलून दिली. झालं दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्या पोराने सहा महिने वरचा थेंब घेतला नाही.

"दूध पुरत नाही" म्हणजे नेमकं काय?

ज्याच्या घरी दुभतं जनावर आहे त्याला हे समजावून सांगायला नको. धार अर्धी काढून सोडली की चार दिवसांत दूध कमी होतं. कास मोकळी झाली तर भरते. आईचंही तसंच आहे. बाळ जितक्या वेळा आणि जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. वरचं दूध पाजलं की बाळाचं पोट भरतं, ते अंगावर कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं, आणि सासूबाई म्हणतात, "बघ, मी म्हणत नव्हते?"

दुसरी गोष्ट पान्ह्याची. अनोळखी माणूस धारेला बसला किंवा गोठ्यात कुत्रं शिरलं की म्हैस पान्हा चोरते. दूध कासेत असतं, पण खाली येत नाही. बाईचंही असंच होतं. भीती, दुखणं, अपुरी झोप, घरातली बोलणी, मुलगी झाली म्हणून पडलेली तोंडं, या सगळ्याने पान्हा अडतो. आणि आपण तिच्यासमोर उभं राहून विचारतो, "येतंय का नाही दूध?"

तिसरी आणि सगळ्यात जास्त आढळणारी अडचण म्हणजे बाळाची पकड. बाळ नुसतं बोंडाला धरून चोखत असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. त्याचं तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा आणि बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त. बाळाचं डोकं, पाठ, कंबर एका रेषेत आणि पोट आईच्या पोटाला लागलेलं. सुरुवातीच्या हुळहुळीनंतरही पाजताना दुखत राहिलं तर पकड चुकलीय असं समजावं, करंगळीने हळूच सोडवून पुन्हा लावावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे यावरचे व्हिडिओ आहेत. घरात एक स्मार्टफोन असतोच, तो अर्धा तास बाळंतिणीच्या हातात द्या.

मग दूध पुरतंय हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही. बाळ गरमीने रडतं, पोट दुखलं म्हणून रडतं, नुसतं कुशीत घ्या म्हणूनही रडतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. रोज आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. आणि उन्हाळा कितीही कडक असला तरी सहा महिन्यांपर्यंत पाणी लागत नाही. आईच्या दुधात शंभरात 87-88 भाग पाणीच असतं.

काही बायांना खरोखर दूध कमी येतं, काहींना आजारपणामुळे पाजता येत नाही. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा लागतो, त्यात कमीपणा कसला? पण डब्याची जाहिरात करणं, फुकट नमुने वाटणं, दवाखान्यात पोस्टर लावणं याला 1992 च्या कायद्याने बंदी आहे आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. द्यायचंच झालं तर वाटी-चमच्याने द्यावं. बाटलीच्या बुचाचे कानेकोपरे धुऊन निघत नाहीत.

आईच्या ताटाचं सांगायलाच हवं. आपल्याकडे अळीव, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा ही चांगली पद्धत आहे. पण त्याच घरात "पाणी कमी पी, बाळाला सर्दी होईल", "डाळ खाऊ नको, पोट फुगेल" असंही चालतं. आईच्या पाण्याने बाळाला सर्दी होत नाही. दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 किलोकॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन भाकरी, वाटीभर उसळ आणि एक लाडू. बाळंतीण शेवटी जेवते त्या घरात हे होत नाही.

फडावरची बाळंतीण

आता आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला खरा प्रश्न. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीवर घेतलेली असते. बाई दोन महिन्यांची बाळंतीण आहे म्हणून ती घरी राहिली तर उचल फिटत नाही. गेली, तर पहाटे तीन-चारला कोपीतून उठून फडावर. सुट्टी घेतली तर खाडा धरतात, त्याचे पैसे कापतात. बाळ एकतर उसाच्या कडेला झोळीत, नाहीतर कोपीवर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. ते रडलं की ती पोरगी बिचारी साखरपाण्यात बिस्कीट कालवून भरवते. इथून पुढची वाट मी माझ्या घरात बघितली आहे, फक्त फडावर सलाईन लावायला दवाखाना लांब असतो.

यावर सरकारने काय करावं यावर पानंच्या पानं लिहिता येतील. पण टोळीच्या हातातही काही आहे. माझ्या ओळखीच्या एका टोळीत गेल्या वर्षी दोन लेकुरवाळ्या होत्या. टोळीतल्या बायांनी ठरवलं की त्या दोघींनी तोडायचं नाही, मोळ्या बांधायच्या, आणि दर दोन-अडीच तासांनी बाळाकडे जायचं. एका म्हातारीला बाळं सांभाळायला फडावरच बसवलं, तिला प्रत्येक कोयत्यामागे थोडे पैसे दिले. मुकादम आधी कुरकुरला. नंतर गप्प बसला, कारण गाडी भरायला उशीर होत नव्हता. फार मोठी व्यवस्था नाही ही. पण बाळं सहा महिने आईच्या दुधावर राहिली.

जिथे आईला तीन-चार तास लांब राहावंच लागतं तिथे दूध पिळून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवता येतं. आधी हात साबणाने धुवायचे, भांडं उकळत्या पाण्यातून काढायचं. थंडीच्या दिवसांत सावलीत चार तासांपर्यंत चालतं, ऊन तापायला लागलं की लगेच वापरायचं. आईचं दूध साठवून देता येतं हे ऐकून अजून लोक हसतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, तिला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली.

टोळी निघायच्या आधी अंगणवाडी ताईंना सांगून पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घ्या आणि बाळाचं लसीकरण कार्ड सोबत ठेवा. म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार आणि वजन मागता येतं. "तुम्ही इथले नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

गावाच्या हातात काय आहे

गावातल्या साध्या बाईच्या हातून किती होतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. पाजणं, ऊब, स्वच्छता, जंतुसंसर्ग वेळेत ओळखून औषध. काही वर्षांतच नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पुढे देशभरात आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या त्या याच कामावरून.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचं असतं. त्यानंतर तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी. त्या आल्या की ओट्यावर चहा पाजून वाटेला लावू नका. आत नेऊन बसवा, पाजताना बघू द्या, वजन करू द्या. सून माहेरी गेली असेल तर तिथल्या आशाताईंना निरोप द्या. माहेर आणि सासर यांच्यामध्ये कितीतरी भेटी गळतात.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारा ते कशावर गेले. त्यातून वजनकाटा घेता येतो, अंगणवाडीत पडदा लावून पाजायला कोपरा करता येतो. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असतील तर सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद झाली होती. मी बांधबंदिस्तीच्या कामांच्या बातम्या कितीदा केल्या, अशी बाई मला एकदाही दिसली नाही.

एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाचंही तेच. बाळाला पाजायचं म्हणून रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव त्या खोलीला दिलंय. आमच्या भागातल्या एका स्टँडवर मी गेल्या महिन्यात बघितलं, कक्षाला कुलूप, खिडकीतून आत डोकावलं तर जुने फलक आणि झाडू. चावी कोणाकडे ते दोघा-तिघांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. तेवढ्यात एक पोरगी बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून, पदर धरून पाजत बसलेली होती.

घरातल्या पुरुषांच्या वाट्याचं काम अवघड नाही. पाण्याची घागर आपण आणायची, रात्री बाळाला ढेकर काढायला आपण घ्यायचं, पाहुण्यांनी "अंगावर पुरतं का गं?" विचारलं की विषय आपण बदलायचा. आणि सहा महिने झाले की वरणाचं पाणी नको, बोटाने उचलता येईल असं घट्ट वरण, त्यात तूप, मऊ भात, कुस्करलेलं अंडं. सोबत अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू.

बाळ ओढायचं सोडून दिलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर घुटी, अंगारा, शेक यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारपणात सरकारी दवाखान्यात न्यायला-आणायला 102 ची गाडी फुकट आहे. हे दोन्ही नंबर टोळीतल्या प्रत्येक फोनमध्ये दिवाळीआधी घालून ठेवा.