रुंदी देऊन घेतलेला सडपातळपणा

फोन सडपातळ आहे एवढ्यावर त्याचं कौतुक करणं पुरेसं नाही. त्या सडपातळपणासाठी काय सोडलं, आणि जे सोडलं त्याची वापरणाऱ्याला किती गरज होती, हा खरा हिशेब. तो मांडायला मोटोरोलाने २००४ मध्ये आणलेल्या ‘रेझर व्ही३’इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. मिटलेला असताना त्याची जाडी १३.९ मिलिमीटर आणि वजन ९५ ग्रॅम. आजच्या फोनपुढे ही जाडी काहीच विशेष वाटणार नाही, पण त्यात एकावर एक मिटलेले दोन भाग, आतबाहेर दोन पडदे, कीपॅड आणि बिजागरी असं सगळं मावलेलं होतं.

हे साधलं ते मांडणी बदलून. बॅटरीवर सर्किट बोर्ड असा थर रचला की जाडी वाढते. रॉजर जेलिको यांच्या चमूने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. त्यामुळे जाडी उतरली, पण रुंदी ५३ मिलिमीटरवर गेली. फोन मुठीत नीट बसायचा तर रुंदी ४९च्या पुढे जाऊ नये, असा कंपनीतल्याच तज्ज्ञांचा आग्रह होता. चमूने तो मोडला आणि माझ्या मते बरोबर केलं, कारण वाढलेल्या रुंदीत पडदा आणि कळा दोन्ही ऐसपैस झाले. अँटेना कीपॅडच्या खालच्या फुगीर हनुवटीत गेली, त्यामुळे बिजागरीकडची बाजू मोकळी राहिली. कळांसाठी रासायनिक कोरीवकाम केलेला धातूचा एकच पत्रा वापरला. अशा सपाट कळा न पाहता चाचपडत दाबणं मात्र अवघडच.

या फोनला नुसती शोभेची वस्तू म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे: कॅमेरा जेमतेम ०.३ मेगापिक्सेलचा, अंतर्गत जागा पाच-साडेपाच एमबी, मेमरी कार्डाची सोय नाही. त्याच वर्षीच्या नोकिया ६६३० मध्ये १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, कार्डही होतं. पण तो चांगलाच जाडजूड होता, त्यामुळे सडपातळपणाची किंमत म्हणून हे एकवेळ समजून घेता येतं. तेही अर्धंच, कारण २००५ च्या अखेरीस आलेल्या ‘व्ही३आय’ने जवळपास तेवढ्याच जाडीत १.२३ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि कार्ड दोन्ही दिलं. मेन्यूच्या रटाळपणाला तर ही सबब मुळीच चालत नाही. चांगल्या सॉफ्टवेअरने एक मिलिमीटरही वाढला नसता. कंपनीने मात्र गुलाबी, सोनेरी अशा रंगांचा सपाटा लावला आणि किंमत उतरवली. खप तरीही प्रचंड झाला. व्ही३ मालिकेचे तेरा कोटींहून अधिक फोन विकले गेले. ‘मग चूक कुठे झाली?’ असं कोणी विचारेल. खपाने फोन लोकांना आवडला हे सिद्ध होतं, मेन्यू चांगला होता हे नाही. २००७ मध्ये आयफोन आल्यावर हा फरक सगळ्यांनाच दिसला.

२०१९ मध्ये हेच नाव घेऊन आलेल्या घडीच्या स्मार्टफोनमध्ये ६.२ इंचांचा पडदा मधोमध दुमडत होता, हनुवटीही तशीच होती. बॅटरी मात्र २५१० एमएएचची, म्हणजे एवढ्या मोठ्या पडद्याला तोकडीच. व्ही३ घेणाऱ्याने सोडला होता तो कॅमेरा, तोही कधीमधी लागणारा. इथे कात्री लागली ती दिवसभराच्या चार्जिंगला, आणि किंमत दीड हजार डॉलर.